गुंतवणुकीवर कायदा कुणाचा, केंद्राचा की राज्याचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे अडकले की ठेवीदाराची फरफट सुरू होते. पोलीस ठाण्यात सांगतात सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. उपनिबंधक कार्यालयात कळतं की ही संस्था त्यांच्या कक्षेतच येत नाही. रिझर्व्ह बँकेला पत्र पाठवावं तर महिन्याभराने उत्तर येतं की ही बँकच नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो आणि ठेवीदार मात्र रिकाम्या हाताने परततो. म्हणून पैसे देण्याआधी परताव्याच्या टक्क्याइतकंच बारकाईने विचारा: ही योजना कोणत्या कायद्याखाली चालते, आणि उद्या काही झालं तर त्या कायद्याचं कार्यालय कुठे आहे? खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आहेत.

मुळात केंद्राकडे काय आणि राज्याकडे काय?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत याची वाटणी आहे. बँकिंग, विमा, शेअर बाजार आणि वायदे बाजार केंद्राच्या सूचीत आहेत. म्हणून रिझर्व्ह बँक, विमा नियामक इर्डा आणि शेअर बाजाराची नियामक सेबी या देशभराच्या संस्था आहेत. सहकारी संस्था, सावकारी आणि शेतजमीन हे विषय राज्यांकडे आहेत. करार आणि शेतजमीन सोडून इतर मालमत्तेचं हस्तांतरण समवर्ती सूचीत येतं, म्हणजे दोघांनाही कायदा करता येतो.

सर्वांत जास्त गोंधळ या समवर्ती भागात होतो. चिट फंडाचा कायदा आणि घरबांधणी प्रकल्पांचा कायदा रेरा हे दोन्ही कायदे संसदेचे आहेत, पण ते राबवतं राज्य. कायदा दिल्लीचा आहे म्हणून तक्रारही दिल्लीला करायची, असं समजून लोक पंतप्रधान कार्यालयाला अर्ज पाठवत बसतात आणि त्यात महत्त्वाचे महिने जातात.

शेअर आणि म्युच्युअल फंडात राज्य सरकारचा काही संबंध येतो का?

देखरेखीत नाही. सेबी 1988 मध्ये स्थापन झाली आणि 1992 च्या कायद्याने तिला खरे अधिकार मिळाले. ब्रोकर, म्युच्युअल फंड, गुंतवणूक सल्लागार, संशोधन विश्लेषक या सगळ्यांची नोंदणी तिच्याकडे होते. तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करायची.

राज्याचा संबंध येतो तो मुद्रांक शुल्कापुरता. 1 जुलै 2020 पासून शेअर व्यवहारांवरचं मुद्रांक शुल्क देशभर एकसारखं झालं. डिलिव्हरी घेतली तर 0.015 टक्के, म्युच्युअल फंडाच्या युनिटवर 0.005 टक्के. हे पैसे एक्सचेंज किंवा डिपॉझिटरी गोळा करते आणि खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याला देते.

सहकारी बँक, पतसंस्था आणि मल्टिस्टेट: तिन्ही ‘सहकारी’च ना? मग फरक काय?

महाराष्ट्रात सर्वाधिक कुटुंबं पोळली ती हा फरक न कळल्यामुळे, असं माझं मत आहे. म्हणून इथे थोडं थांबतो.

सहकारी बँकेवर दोन मालक असतात म्हटलं तरी चालेल. संस्था म्हणून तिची नोंदणी सहकार खात्याकडे असते; बँक म्हणून परवाना आणि देखरेख रिझर्व्ह बँकेची. 1966 पासून ही दुहेरी व्यवस्था आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना जेमतेम 1,000 रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्यानंतर 2020 मध्ये कायदा बदलून संचालक मंडळ, भांडवल आणि विलीनीकरण यांबाबतचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढवले गेले. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. ही मर्यादा 4 फेब्रुवारी 2020 पासून 1 लाखावरून 5 लाख झाली. लक्षात घ्या, ही रक्कम एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी मुद्दल आणि व्याज धरून आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन पावत्या केल्या म्हणून संरक्षण तिप्पट होत नाही. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळावी, अशी तरतूद 2021 मध्ये झाली.

पतसंस्थेचं सगळंच वेगळं. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेली असते. तिच्यावर नियंत्रण पुण्याच्या सहकार आयुक्तांचं आणि खाली जिल्हा उपनिबंधक, सहायक निबंधक यांचं. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही, 5 लाखांचा ठेव विमा नाही. ठेवी फक्त सभासदांकडून घ्यायच्या असतात. म्हणून खातं उघडताना तुमच्याकडून थोडेफार रुपये घेऊन तुम्हाला ‘नाममात्र सभासद’ करतात. नाममात्र सभासदाला मत नसतं. म्हणजे तुमची आयुष्यभराची पुंजी ज्या संचालकांच्या हाती आहे, त्यांना निवडण्यात तुमचा वाटा शून्य.

मल्टिस्टेट म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत सभासद असलेली संस्था. तिला 2002 चा केंद्राचा कायदा लागू होतो आणि निबंधक दिल्लीत बसतो. शाखा बीडला, ठेवीदार गेवराईचा, संचालक गावातलेच, पण जिल्हा उपनिबंधकाला तिची चौकशी करण्याचा अधिकार नाही. मराठवाड्यात अलीकडच्या काळात मल्टिस्टेट पतसंस्था कोलमडल्या तेव्हा हजारो लोकांना हे पहिल्यांदा समजलं. सहारा समूहाच्या चार सहकारी संस्थाही याच कायद्याखालच्या. त्यांच्या ठेवीदारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये 5,000 कोटी रुपये केंद्रीय निबंधकाकडे वळवायला सांगितले आणि जुलै 2023 मध्ये परतावा पोर्टल सुरू झालं. 2023 च्या दुरुस्तीने मल्टिस्टेटसाठी सहकारी लोकपालाची तरतूदही आली आहे. तिचा उपयोग करा.

राज्यांतर्गत सहकार हा राज्याचाच विषय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये 97 व्या घटनादुरुस्तीच्या प्रकरणात ठामपणे सांगितलं. त्यामुळे तुमची पतसंस्था फक्त राज्यात नोंदलेली असेल तर दिल्लीकडे बघण्यात अर्थ नाही.

ओळखायचं कसं? पावतीवरचा नोंदणी क्रमांक वाचा. नावात ‘मल्टिस्टेट’ आहे का बघा. पतसंस्थेला स्वतःला ‘बँक’ म्हणवता येत नाही. तरीही एखाद्या शाखेच्या फलकावर तो शब्द मोठ्या अक्षरात आणि बाकी नाव बारीक अक्षरात दिसलं, तर तिथूनच मागे फिरा.

ऑफिसच्या भिंतीवर सरकारी प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आहेत. मग योजना अधिकृतच ना?

फ्रेमसमोर उभं राहून एकेक कागद वाचा. मी पाहिलेल्या अशा भिंतींवर साधारण हेच असतं.

डावीकडे गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. याचा अर्थ इथे एक दुकान किंवा ऑफिस आहे. त्याच्या शेजारी जीएसटी क्रमांक: हा माणूस करासाठी नोंदलेला आहे. मग उद्यम नोंदणी, जी कुणीही स्वतःच्या आधार क्रमांकावरून घरबसल्या करतो. मधोमध, सर्वांत मोठ्या फ्रेममध्ये, कंपनी नोंदणीचा दाखला. त्यावर भारत सरकारची मुद्रा असते आणि लोक तिथेच विश्वास ठेवतात. हा दाखला सांगतो की या नावाची कंपनी अस्तित्वात आली. जनतेकडून ठेवी घ्यायला तिला परवानगी आहे, असं तो कुठेही म्हणत नाही. कंपनी कायद्यानुसार सर्वसामान्य जनतेकडून ठेवी घ्यायला कंपनीची निव्वळ मत्ता किमान 100 कोटी किंवा उलाढाल किमान 500 कोटी असावी लागते, शिवाय पतमानांकन घ्यावं लागतं. तालुक्याच्या ठिकाणी दोन खोल्यांत चालणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यात बसत नाही. भिंतीवर कधी कधी आयएसओचा कागदही असतो; गुंतवणुकीशी त्याचा काहीही संबंध नाही.

ठेव घेण्याचा अधिकार दाखवणारा कागद यांपैकी एकही नाही. तो रिझर्व्ह बँकेचा, सेबीचा, इर्डाचा, सहकार निबंधकाचा किंवा चिट निबंधकाचा असावा लागतो, आणि त्याच कामासाठी दिलेला असावा लागतो. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर संस्थेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का ते शोधता येतं आणि तिथूनच तक्रारही देता येते.

एजंट म्हणतो, ‘आम्ही ठेव घेत नाही, 500 च्या स्टँपवर करार करतो.’ कायद्याच्या बाहेर राहतो का तो?

नाही. कागदाला काय नाव दिलं यावर कायदा थांबत नाही.

ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा कायदा आहे. सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्यात ‘ठेव’ म्हणजे ठरावीक काळाने किंवा अन्यथा परत करायच्या बोलीवर घेतलेले पैसे किंवा मौल्यवान वस्तू. ही व्याख्या किती दूर जाते हे नॅशनल स्पॉट एक्सचेंजच्या प्रकरणात दिसलं. जुलै 2013 च्या अखेरीस त्या एक्सचेंजवरचे व्यवहार बंद पडले आणि सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले. आम्ही फक्त व्यवहाराचं व्यासपीठ आहोत, ठेवी घेत नाही, असं सांगितलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 च्या निकालात हे मान्य केलं नाही आणि एक्सचेंजला ‘वित्तीय संस्था’ ठरवून एमपीआयडीची जप्ती कायम केली.

अनेकांचे पैसे एकत्र करून, व्यवस्थापन स्वतःकडे ठेवून परतावा देणारी योजना असेल, तर ती सेबी कायद्यातली ‘सामूहिक गुंतवणूक योजना’ होते. नव्वदच्या दशकातल्या सागवान लागवडीच्या योजनांनंतर ही तरतूद आली. नोंदणी न घेता 100 कोटी किंवा त्याहून जास्त गोळा केले तर ती आपोआप अशी योजना मानली जाईल, हे 2014 मध्ये जोडलं. जमिनीच्या तुकड्यांच्या नावाखाली पैसे घेणाऱ्या पीएसीएलला सेबीने याच आधारावर ऑगस्ट 2014 मध्ये 49,100 कोटी परत करायला सांगितले. ठेवीदारांची देणी भागवायला न्यायमूर्ती लोढा समिती नेमावी लागली.

एमपीआयडी लागला की पैसे परत मिळतात का?

मिळू शकतात. पण कसे आणि किती, हे आधी समजून घेतलेलं बरं.

तक्रार पोलिसांकडे होते; मोठी रक्कम असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे जाते. राज्य सरकार राजपत्रात आदेश काढून संस्थेची, तिच्या चालकांची आणि संशयास्पदरीत्या दुसऱ्यांच्या नावे केलेली मालमत्ता जप्त करतं. उपजिल्हाधिकारी किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून नेमला जातो. तो विशेष न्यायालयाकडे जातो. तिथे हरकती ऐकल्या जातात, जप्ती कायम होते, लिलाव होतो आणि जमलेली रक्कम ठेवीदारांत प्रमाणात वाटली जाते. दोषी चालकांना सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

याला वर्षं लागतात. प्रत्येक भूखंडावर कुणाचा तरी हक्क निघतो, बँकेचं गहाण असतं, नातेवाइकांच्या नावे व्यवहार झालेले असतात. इतक्या उशिरा मिळालेला न्याय ठेवीदाराच्या म्हातारपणाला पुरत नाही. जप्तीतल्या मालमत्तेचा लिलाव कालबद्ध व्हावा, ही मागणी ठेवीदार संघटना वर्षानुवर्षं करत आहेत आणि ती शंभर टक्के रास्त आहे.

तरी हा कायदा नसता तर काय झालं असतं, याचाही अनुभव राज्याने घेतला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. ठेवी आणि कंपन्या हा केंद्राचा विषय असताना राज्याने त्यात हात घातला, हा मुख्य आक्षेप होता. तमिळनाडूने 1997 मध्ये असाच कायदा सर्वांत आधी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये तो वैध ठरवला आणि पाठोपाठ महाराष्ट्राचा कायदाही पुन्हा उभा राहिला. गरीब आणि मध्यमवर्गीय ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याला असा कायदा करता येतो, हे तेव्हा पक्कं झालं.

मग केंद्राचा बड्स कायदा कशाला आला?

पश्चिम बंगालमधल्या शारदा प्रकरणासारख्या ठेव घोटाळ्यांनंतर नियामकांच्या मधल्या फटी उघड्या पडल्या. अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध कायदा, 2019, म्हणजेच बड्स, त्या बुजवण्यासाठी आहे. एमपीआयडीचा भर पैसे बुडवल्यानंतरच्या कारवाईवर आहे. बड्सखाली मात्र अनियंत्रित ठेवी गोळा करणं हाच गुन्हा आहे, पैसे अजून बुडाले नसले तरी. नुसती जाहिरात केली तरी एक ते पाच वर्षं, ठेवी घेतल्या तर दोन ते सात वर्षं आणि फसवून बुडवल्या तर तीन ते दहा वर्षं कैद.

तक्रारदाराच्या दृष्टीने याचा उपयोग असा: एजंट सोसायटीत सभा घेऊन महिन्याला पाच टक्क्यांचं आमिष दाखवतोय, तर कुणाचे तरी पैसे बुडायची वाट पाहू नका. आजच तक्रार करता येते. जानेवारी 2025 मध्ये दादरला टोरेसच्या दुकानाबाहेर गर्दी जमली तेव्हा उशीर झाला होता. खड्यांच्या खरेदीवर आठवड्याला परतावा देणारी ती योजना कित्येक महिने उघड्यावर, जाहिराती करून चालू होती.

आमची बायकांची भिशी आहे. ती बेकायदा आहे का?

चिट फंड कायदा, 1982 ची व्याख्या रुंद आहे. ठरावीक लोकांनी ठरावीक हप्ता भरायचा आणि दर महिन्याला लिलावाने किंवा चिठ्ठीने एकाने उचलायचा, हे सगळं त्यात येतं, आणि चिट चालवायला राज्य सरकारची पूर्वपरवानगी लागते. मैत्रिणींच्या छोट्या भिशीवर सहसा कुणी कारवाई करत नाही. पण ती मोडली तर तुमच्यासाठी नियामकही नसतो. उरतो तो दिवाणी दावा किंवा फसवणुकीची फिर्याद.

कमिशन घेऊन अनोळखी लोकांना जोडणारी भिशी हा धंदा आहे. नोंदणीकृत चिटमध्ये चालकाला चिटच्या रकमेइतकी सुरक्षा ठेव आधी ठेवावी लागते आणि त्याचं कमिशन जास्तीत जास्त सात टक्के असतं. 2019 मध्ये ही मर्यादा पाचवरून सात झाली. तेव्हाच एकट्या व्यक्तीला चालवता येणाऱ्या चिटची मर्यादा एक लाखावरून तीन लाख झाली.

माणसं जोडा आणि साखळीतून कमवा, असं कुणी म्हणत असेल तर तो चिट फंड नाही. त्यावर 1978 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे.

सोनाराकडची अकरा महिन्यांची योजना सुरक्षित आहे का? आणि मोबाइलवरचं डिजिटल सोनं?

सोनाराच्या योजना अकरा महिन्यांच्या का असतात याचं उत्तर कंपनी कायद्याच्या ठेव नियमांत आहे. मालाच्या पुरवठ्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली तर ती ठेव मानली जात नाही. म्हणजे तुम्ही ठेवीदार नसून आगाऊ पैसे दिलेले ग्राहक असता. तुमच्यामागे ठेव विमा नाही आणि कोणताही नियामकही नाही. योजनेच्या शेवटी सोन्याऐवजी रोख आणि वर व्याज मिळेल असं सांगितलं, तर ती ठेवच होते. 2019 मध्ये डोंबिवली-ठाण्यात एक मोठी पेढी बंद पडली तेव्हा लग्नासाठी महिन्याला पैसे भरणाऱ्या आयाबहिणी रस्त्यावर होत्या. सलग योजना चालवण्याऐवजी ग्रॅम-दोन ग्रॅमचं नाणं विकत घेऊन घरी नेलेलं बरं, असं मी स्पष्ट सांगतो.

ॲपवरचं डिजिटल सोनं सेबीच्या कक्षेबाहेर आहे; सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये तसा इशाराच दिला. गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारे सोन्याचे फंड, मात्र तिच्या देखरेखीखाली आहेत.

फ्लॅट बुक करताना कोणता कायदा?

रेरा 2016 चा, केंद्राचा. अंमलबजावणी महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाची, 1 मे 2017 पासून. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करायचे असतात. ताबा वेळेवर दिला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात. वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि गाडी बहुतेक वेळा तिथे अडते, कारण वसुली महसूल खात्याच्या तहसीलदाराने करायची असते. आदेश हातात आला की तहसील कार्यालयात पाठपुरावा सुरू करा, महारेराकडे पुन्हा जाऊ नका.

याच विषयावर राज्याला वेगळा कायदा करता येईल का? पश्चिम बंगालने 2017 मध्ये केला. सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये तो रद्द केला, कारण संसदेने व्यापलेल्या क्षेत्रात जवळपास तसाच दुसरा कायदा उभा केला होता.

व्यापारी गाळ्याचा छोटा हिस्सा विकत घ्या आणि भाड्यात वाटा मिळवा, अशा योजनांसाठी सेबीने मार्च 2024 मध्ये स्वतंत्र चौकट आणली. किमान गुंतवणूक 10 लाख. त्या चौकटीबाहेर कुणी असे हिस्से विकत असेल तर लांब राहा.

फार्महाऊससाठी शेतजमिनीतला पाच गुंठ्यांचा प्लॉट घेऊ का?

शेतजमीन पूर्णपणे राज्याचा विषय आहे. कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जमिनीचे फार लहान तुकडे करण्यावर मर्यादा घालणारा तुकडेबंदीचा कायदा वेगळा. जाहिरातीत ‘एनए (बिगरशेती) होणार’ असं लिहिलेलं असेल तर एनए आदेशाची प्रत मागा. ‘प्रकरण टाकलंय’ हे उत्तर पुरेसं नाही. सामाईक सातबाऱ्यावर चाळीस नावं लावून विकलेले प्लॉट मी बघितले आहेत. त्यात तुमचा तुकडा नेमका कुठला, हे मोजणी अधिकारीही सांगू शकत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना केंद्राचा परकीय चलनाचा कायदा, फेमाही आडवा येतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेलं ठेवता येतं.

मी ओळखीच्यांना व्याजाने पैसे देतो. त्यात काय अडचण?

एखाद्या नातलगाला एकदा दिले तर काही नाही. धंदा म्हणून करत असाल तर महाराष्ट्र सावकारी अधिनियम, 2014 खाली सहकार खात्याचा परवाना लागतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना मात्र राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. केरळ आणि गुजरातच्या कायद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये हे स्पष्ट केलं.

विमा, एनपीएस, पोस्ट?

विम्याला इर्डा, एनपीएस या पेन्शन योजनेला पेन्शन नियामक, पोस्टाच्या योजनांमागे थेट केंद्र सरकार. इथे राज्याचा संबंध नाही. युलिप, म्हणजे बाजारातली गुंतवणूक जोडलेली विमा पॉलिसी, हा विमा की गुंतवणूक, यावरून 2010 मध्ये सेबी आणि इर्डा यांच्यातच जुंपली होती. सेबीने एप्रिलमध्ये 14 विमा कंपन्यांना मनाई केली आणि जूनमध्ये केंद्राने वटहुकूम काढून युलिप इर्डाकडे दिले.

क्रिप्टोवर 30 टक्के कर घेतात, म्हणजे सरकारने मान्यता दिली ना?

कर घेणं म्हणजे संरक्षण देणं नव्हे. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे आणि मार्च 2023 पासून क्रिप्टोचे व्यवहार मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आहेत. पण एक्सचेंज बुडालं तर तक्रार ऐकणारा सेबीसारखा नियामक नाही.

टेलिग्राम ग्रुपवर शेअरच्या टिप्स देणाऱ्याला फी द्यावी का?

सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. पाठवलेला फोटो पुरावा नाही. नोंदणीकृत सल्लागारालाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही. तुमच्या डीमॅटचा पासवर्ड कुणी मागितला तर बोलणं तिथेच थांबवा.

गोव्यात हेच नियम आहेत का? आणि अमेरिकेतल्या मराठी माणसाला?

केंद्राचे कायदे गोव्यात तसेच आहेत. ठेवीदार संरक्षणाचा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, रेरा प्राधिकरण वेगळं आहे आणि शेतजमीन विक्रीवर 2023 चा निर्बंध कायदा आहे.

अमेरिकेत वाटणी वेगळी आहे. तिथे रोख्यांचं नियमन आधी राज्यांनी सुरू केलं, 1911 मध्ये कॅन्ससने. फेडरल कायदे 1933 आणि 1934 मध्ये आले. 1996 पासून राष्ट्रीय एक्सचेंजवर नोंदलेल्या शेअरची नोंदणी राज्यांना मागता येत नाही, फसवणुकीची चौकशी मात्र दोघेही करू शकतात. विमा तिथे राज्यांच्याच हातात आहे. तिथे राहून भारतातले म्युच्युअल फंड घेणार असाल तर अमेरिकी करकायद्यातल्या परदेशी फंडांच्या जाचक नियमांबद्दल आधी तिथल्या कर सल्लागाराशी बोला.

माझे पैसे अडकलेच आहेत. उद्या सकाळी काय करू?

मूळ कागद कुणालाही देऊ नका. ‘नवी पावती करून देतो, जुनी जमा करा’ हा वेळ काढण्याचा नेहमीचा प्रकार आहे, आणि नव्या पावतीवर मुदत पुढे ढकलली की तुमचं देणं अजून थकलेलंच नाही, असं सांगायला त्यांना जागा मिळते. सगळ्या पावत्या, बँक उतारे, एजंटचे व्हॉट्सॲप संदेश यांच्या प्रती काढा.

पुढची तारीख टाकलेला चेक असेल तर तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. तो वटला नाही तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. ही साखळी चुकली की त्या चेकवरची फौजदारी बाजू लंगडी पडते.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि ताजी घटना असेल तर आधी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन, मग बाकी सगळं. पतसंस्थेसाठी जिल्हा उपनिबंधक, मल्टिस्टेटसाठी केंद्रीय निबंधक, बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, शेअर-म्युच्युअल फंडासाठी स्कोअर्स. यांपैकी कशातच न बसणारी योजना असेल तर थेट पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तीत एमपीआयडी आणि बड्स या दोन्ही कायद्यांचा स्पष्ट उल्लेख करा. पोचवर शिक्का आणि तारीख घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा दहा-वीस ठेवीदारांनी मिळून यादी, रकमा आणि तारखांसह अर्ज दिला तर तपास अधिकाऱ्याला एकूण रक्कम एका नजरेत दिसते आणि प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेकडे जायला मदत होते.

गुन्हा आधीच नोंदला गेला असेल तर तुमचं नाव ठेवीदारांच्या यादीत आहे की नाही हे तपास अधिकाऱ्याकडे आणि सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन स्वतः तपासा. पत्ता, फोन किंवा बँक खातं बदललं तर तेही तिथे लेखी कळवा. वाटप त्या यादीवरूनच होतं. ठेवीदार वारला असेल तर वारसाचे कागद आत्ताच जोडून ठेवा.